थोरलीपेक्षा कमी दुखणं

गुडघा पाव दुखतो म्हणजे नक्की किती दुखतो, असं देवेश साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना सांगितलं की साहेब, मी स्टॅटिस्टिक्स शिकलेय, हाडवैद्य नाही. मला राग लवकर येतो. आमच्या घरात म्हणतात की तय्यबाला सकाळी उठवायचं असेल तर चुकीची बेरीज मोठ्याने म्हणावी, आपोआप उठून भांडायला येते.

देवेश साहेब मुंबईच्या औषध कंपनीचे. गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी आमच्या भागात चालू होती आणि तिचे आकडे सांभाळायला त्यांनी मला घेतलं होतं. ऑफिस खालापूरला, खाली झेरॉक्सवाला आणि वर आम्ही. काम सोपं होतं. गोळी सुरू करायच्या आधी माणसाला विचारायचं, शून्य ते दहामध्ये तुमचा गुडघा किती दुखतो? तो आकडा म्हणजे बेसलाइन. मग तीन महिने गोळ्या द्यायच्या, अर्ध्या लोकांना खरी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खडूची. कोणाला कुठली ते कोणालाच ठाऊक नसतं. शेवटी पुन्हा विचारायचं, आता किती दुखतो?

बाकी गावांचे आकडे माणसांसारखे वेडेवाकडे आले होते. पण पोशीरजवळच्या एका वाडीतून एकमेकींच्या जावा असलेल्या सात बायकांचे आले ते असे: तीन, अडीच, दोन, दीड, एक, अर्धा आणि पाव. वाडीचं नाव सांगत नाही, भावकी मोठी आहे आणि माणसं मानी आहेत. तीन महिन्यांनी त्याच बायकांनी त्याच क्रमाने सांगितलं: दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धा, पाव आणि आदपाव.

"आदपाव?" साहेब म्हणाले. "हे दुखणं आहे की खोबरं?"

कोणीतरी घरी बसून आकडे लिहिले असणार, असा त्यांचा पहिला संशय होता. पण चाचणीचे डॉक्टर स्वतः वाडीवर गेले होते, प्रत्येकीला त्यांनी स्वतः विचारलं होतं. मग साहेबांनी तक्त्यातले बाकीचे रकाने तपासले. वय, वजन, शेतातलं काम, कशाशीच मेळ बसेना. मेळ बसला तो फक्त लग्नाच्या वर्षाशी. जिचं लग्न आधी तिचा गुडघा जास्त दुखत होता, आणि गोळीने फरकही तिलाच जास्त पडला होता. थोरली चंद्राबाई, तिचं दुखणं दीडने उतरलं. सगळ्यात धाकटी छाया, तिचं आदपावाने. साहेबांच्या डोळ्यांत चमक आली. हे औषध थोरल्या सुनांना लागू पडतं आणि धाकट्यांना पडत नाही, असा शोध जगात पहिल्यांदा खालापुरात लागला होता आणि तो कुठे छापायचा याचा विचारही त्यांनी सुरू केला.

त्यातच कंपनीने गुपित उघडलं. थोरल्या तिघींना खडू मिळाला होता आणि धाकट्या चौघींना खरी गोळी. निव्वळ नशिबाचा भाग, नाणं उडवून ठरवतात तसं. म्हणजे आकड्यांचं म्हणणं असं झालं की खडूने गुडघे औषधापेक्षा चांगले बरे होतात.

"बेसलाइन धरून बघ," साहेब म्हणाले. ते मी तशीही करणारच होते. ज्याचं दुखणं नऊवर आहे त्याला खाली यायला जागा भरपूर असते, जो एकवर आहे तो कुठे जाणार? म्हणून सुरुवातीचा फरक हिशेबातून काढून टाकायचा आणि मग उरतं ते औषधाचं. मी तसं केलं, आणि काहीच उरलं नाही. प्रत्येक बाईचं आताचं दुखणं आधीच्या दुखण्याच्या बरोब्बर निम्मं होतं. खडूवालीचंही निम्मं, औषधवालीचंही निम्मं. सातही जणी एका रेषेवर अशा उभ्या होत्या की मध्ये दोरा धरला तरी कोणी इकडे तिकडे नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी शिस्तीची वेदना पाहिली नव्हती.

"म्हणजे गोळीचा उपयोग शून्य," साहेब म्हणाले. "वाडी बंद कर. उरलेल्या गोळ्या परत आण."

माझा भाऊ शारिक टेंपो चालवतो. त्याला नेरळला लाद्या टाकायच्या होत्या, तर मी त्याच्याबरोबर निघाले. वाटेत त्याने विचारलं की पाव दुखणाऱ्या बाईकडून गोळ्या परत आणायला एवढं लांब कशाला जायचं, तिने त्या एव्हाना गुरांना दिल्या असतील.

पाव दुखणारी छाया अंगणात उकिडवी बसून तांदूळ पाखडत होती. मला पाहिल्यावर सूप बाजूला ठेवून ती उठली, जमिनीला हात न लावता, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं जणू मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. गोळ्या परत न्यायला आलेय म्हटल्यावर ती पुन्हा खाली बसली, या वेळी धपकन.

तिचा नवरा नामा गोठ्यातून बाहेर आला. त्याने मला ओट्यावर बसवलं आणि सांगायला लागला.

"म्याडम, दोन वरसं झाली, हिला खाली बसता येत नव्हतं. बसली की उठवाया दोन मानसं लागायची. मग ही जेवायची उभ्यानं, चुलीपाशी. मी एकटा पाटावर बसून कसा जेवू? मंग मी पन उभ्यानं जेवाया लागलो. सारी वाडी आमाला बुफेवाले म्हनती."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता दीड मैना झाला बसतोय दोघं. तुमी गोळ्या नेल्या तर परत बुफे."

तो हे हसत सांगत होता. छाया हसत नव्हती. "ताई, मला बाकी काय नको," ती म्हणाली. "मला खाली बसून जेवाया पायजे."

मी तिला सरळ विचारलं. गोळीच्या आधी दहातलं किती दुखत होतं? ती म्हणाली, नऊ तर नक्की. आणि आता? दोन असंल. मग डॉक्टरांना पाव का सांगितलं? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच काहीतरी अशिष्ट विचारलं असावं.

"जाऊबायनी तीन सांगितले व्हते," ती म्हणाली. "मी त्येच्या वर कशी सांगू?"

त्या भावकीत अशी रीत आहे की थोरलीपेक्षा धाकटीचं दुखणं मोठं असू नये. थोरलीला ताप आला असेल तर धाकटीने फार तर कणकण म्हणावं. बरोबरीचं दुखणंही चालत नाही, बरोबरी म्हणजे उद्धटपणा. आणि थोरली ठरते लग्नावरून, वयावरून नाही. नामाचं लग्न उशिरा झालं म्हणून छाया पन्नाशीची असूनही सगळ्यात धाकटी. बेसलाइनच्या दिवशी सातजणी शाळेच्या पडवीत ओळीने बसल्या होत्या. चंद्राबाईने तीन म्हटल्यावर ओळ अर्ध्या अर्ध्याने उतरत गेली आणि छायापाशी येईस्तोवर तिच्या वाट्याला पाव उरला.

मला हसायचा हक्क नव्हता. आमच्याकडे मोठ्या चाचीला साखर आहे. तिच्यापेक्षा जास्त साखर घरात कोणाला निघत नाही. अब्बांची तीनशे निघाली तेव्हा ते दस्तरखानावर जेवताना म्हणाले, थोडीशी आहे, चाचींसारखी कुठे.

मी तडक चंद्राबाईकडे गेले. दार उघडं होतं, ती खुर्चीवर बसून वाल सोलत होती. अठ्ठावन्नची बाई, सरळ नाक, आवाज असा की कुत्रीसुद्धा रांगेत बसावी. मी तिला विचारलं, काकू, खरंच तीनच दुखत होतं का?

"त्या दिशी व्याही आलं व्हतं," ती म्हणाली. तिच्या मुलीचे सासरे आबाजी. डॉक्टर वाडीवर येणार म्हटलं की ते येतातच, कारण फुकटात बीपी मोजून मिळतं. "त्येंच्या म्होरं सांगू का, की माजं गुडगं गेलं? उद्या लेकीला म्हनतील, आयचं गेलं, तुजं बी जानार. घरात कायबी झालं तरी तिच्या पायाकडं बोट."

आता मला हे तिला समजवायचं होतं की तिच्या एका तीनने काय गोंधळ झालाय, आणि हातात होता फक्त शारिकचा धंदा. मी म्हटलं, काकू, भाताचा टेंपो धर्मकाट्यावर नेतात तेव्हा आधी रिकामा टेंपो तोलतात. मग भरलेला. भरलेल्यातून रिकामा वजा केला की भात किती ते कळतं. तुमचा आधीचा आकडा म्हणजे रिकामा टेंपो. तो खोटा असला की पुढे मी कितीही वजाबाकी केली तरी भात काही कळायचा नाही.

ती वाल सोलायची थांबली. "मंजे सगळ्यांच्या रिकाम्या टेंपोत मीच बसले व्हते," ती म्हणाली.

एवढं नेमकं आमच्या प्राध्यापकांनाही कधी सांगता आलं नव्हतं. पण त्या कौतुकाने छायाचं काही भलं होणार नव्हतं. मी परत येऊन साहेबांशी दोन दिवस भांडले. आपण दुखणं मोजलंच नाही, मान मोजला, आणि मान वजा केल्यावर काही उरलं नाही यात गोळीचा काय दोष? साहेब वैतागले, मग विचारात पडले, मग मुंबईला फोन केला. शेवटी वाडीला दुसरी फेरी मिळाली आणि या फेरीत सगळ्यांना खरीच गोळी मिळणार होती. पण साहेब दुधाने पोळलेले होते, त्यामुळे ताकालाही फुंकर मारून तीन अटी घातल्या. महिनाभर कोणी गोळी घ्यायची नाही, म्हणजे दुखणं होतं तिथे परत येईल आणि बेसलाइन खरी मिळेल. पाव, अर्धा, आदपाव काही चालणार नाही, आकडा पूर्ण हवा. आणि चारच्या खाली ज्याचा आकडा येईल त्याला घ्यायचंच नाही.

"आणि एकेकीला बंद खोलीत विचारा," ते म्हणाले.

हे मी चंद्राबाईला सांगितलं. ती म्हणाली, "खोली बंद केली म्हून थोरली धाकटी व्हते का?" ते खरंच होतं. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न तोच असता, किती सांगितलंस.

तो महिना मला आवडला नाही. आधी मी आठवड्यातून एकदा वाडीवर जायचे, मग दोनदा जायला लागले. पहिल्या आठवड्यात छाया भिंतीला धरून उठायची. मग नामाला धरून. मग ती बसायचीच बंद झाली आणि एका संध्याकाळी मी गेले तेव्हा दोघं चुलीपाशी उभ्याने जेवत होते, ताटं हातात, एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये उभं असावं तसे. नामा म्हणाला, "या म्याडम, पनीर संपलं, भाजी हाय." मी बाहेर येऊन शारिकच्या टेंपोत बसले आणि त्याच्यावर विनाकारण ओरडले. बऱ्या झालेल्या बाईला मीच पुन्हा आजारी पाडत होते, का तर तिचा आजार मला नीट मोजता यावा.

आणि प्रत्येक भेटीत मी छायाला एकच घोकवत होते. खरा आकडा सांगायचा. कमी नाही, जास्त नाही. आकडा खोटा निघाला तर मग माझ्याही हातात काही राहत नाही. ती मान डोलवायची. धाकटीला मान डोलवायची सवय असते, त्यामुळे मला ते कितपत पोचतंय हे कळत नव्हतं.

मोजणीच्या दिवशी मी सकाळीच पोचले. चंद्राबाईने मला गोठ्याच्या आडोशाला नेलं. तिने सगळा हिशेब करून ठेवला होता.

"मी चाराच्या वर सांगू शकत नाय," ती म्हणाली. "मागं तीन सांगितलं. वय वाढलं म्हून एक वाढला, एवढं व्याही पचवतील. त्येच्या वर गेले तर म्हनतील तवा लपवलं. मी चार सांगितले तर खालच्या सगळ्या भाईर. खरं का नाय?"

खरं होतं.

"म्हून आज मान मी छायाला देनार. आज ती थोरली, मी धाकटी. आमच्यात चालतं तसं, सनावाराला देतोच की. ती सांगल धा. मग नऊ, आठ, सात, सहा, पाच. आन शेवटाला मी चार. साती जनी बसतात."

मी बोटांवर मोजलं. दहापासून चारपर्यंत बरोबर सात आकडे. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं, कारण यातला एकही आकडा कोणाच्या गुडघ्यातून आलेला नव्हता. पण मी तिला अडवलं नाही. मला ठाऊक होतं की पहिल्या फेरीत तिने तीन महिने इमानाने खडू खाल्ला होता. गुपित उघडल्यावर ते मी तिला सांगू शकले असते, पण तिने एकदा मला आपण होऊन सांगितलं होतं की गोळीने लई फरक पडला, आणि मग माझी जीभ रेटली नाही. खरी गोळी तिला आज पहिल्यांदा मिळायची होती.

"छायाला सांगितलंय ना?" मी विचारलं.

"सांगितलंय. धा म्हनून."

शाळेच्या पडवीत सगळे जमले. देवेश साहेब खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन. आबाजींनी समोरचा बाक धरला होता, बीपी मोजून झालं होतं आणि ते ठीक निघाल्याने त्यांची थोडी निराशा झाली होती. चंद्राबाई पहिल्या जागेवरून चालत छायाकडे गेली. तिने तिला हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि खांदा धरून ओळीच्या तोंडाला आणून उभं केलं. छायाला बसता येत नव्हतं म्हणून ती उभीच राहिली, पदरातला नारळ सांभाळत. मग चंद्राबाई ओळीच्या शेपटाला गेली आणि जमिनीवर बसली. बसताना तिचा चेहरा जराही बदलला नाही. मी मुद्दाम बघत होते म्हणून मला दिसलं की तिने वरचा ओठ दातांनी धरला होता.

"सांगा," साहेब म्हणाले. "शून्य ते दहा."

छायाने माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर ओळखता आली. महिनाभर मी जे घोकवलं होतं ते सगळं त्या नजरेत होतं, एकही शब्द इकडचा तिकडे न होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मनातून कोणीतरी खोटं बोलावं म्हणून दुवा मागितली. दहा म्हण, छाया. एकच तर जास्त आहे.

"नऊ," छाया म्हणाली. आणि मग, जणू कोणी तिच्यावर संशय घेतला होता, "खरं सांगते साहेब. धा नाय. नऊ."

साहेब खूश झाले. त्यांना त्या वाडीतून पहिल्यांदा एक खरा आकडा मिळाला होता आणि तो खरा आहे हे त्यांनाही ऐकू आलं होतं. दुसरी जाऊ बावरली. तिने वळून शेपटाकडे पाहिलं. चंद्राबाईने फक्त हनुवटी हलवली, पुढे चल.

"आठ," दुसरी म्हणाली. मग सात. मग सहा. पाच. सहावी बिचारी नारंगी पातळाची हर्षला, तिने चार म्हणायला इतका वेळ लावला की साहेबांनी पेन टेकवलं. तिला बरोबरी करता येत नव्हती, वर जाता येत नव्हतं, आणि खाली गेली असती तर तीही बाहेर. "चार," ती अखेर म्हणाली आणि तोंडावर पदर घेतला.

आता चंद्राबाई. तिच्यापुढे उरलेले आकडे चारच्या खालचे होते. आज ती धाकटी होती, तिने स्वतःच ठरवलं होतं.

"तीन," ती म्हणाली. स्वच्छ, खणखणीत आवाजात.

"तीन?" साहेबांनी मान हलवली. "मग यांना नाही घेता येणार. बाकी सहाजणी ठीक."

छायाला तेव्हा कळलं. ती दोन पावलं पुढे आली, त्या दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि नारळ ओटीतून पडून गडगडत गेला. "साहेब, माजं धा लिवा. माजं चुकलं. धाच हाय."

"गप गं," चंद्राबाई मागून म्हणाली. "मान घेतलास ना? मग सांगितलेला आकडा फिरवू नको. थोरलीनं फिरवू नये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, काकूंचा आकडा तीन नाही. ते म्हणाले, मग किती आहे? मी तोंड उघडलं, आणि समोर बाकावर आबाजी कान टवकारून बसलेले दिसले. चंद्राबाई माझ्याकडे बघत होती. ती विनवणी करत नव्हती, फक्त थांबली होती, मी काय करते ते बघत. मी तोंड मिटलं आणि तीन लिहिलं.

साहेब गाडीत जाऊन मुंबईशी फोनवर बोलत बसले. बायका पांगल्या. आबाजी म्हणाले, "विहीनबाय, तुमची तब्येत ठनठनीत हाय बगा. मागं बी तीन, आता बी तीन." आणि ते उठायला लागले.

"बसा की व्याहीबुवा," चंद्राबाई म्हणाली. "च्या घ्या." व्याही निघाले की विहिणीला उठून दारापर्यंत जावं लागतं. घरून चहा आला, तो झाला. तिने पोरांना पाठवून बिस्किटं मागवली. ती झाली. मग तिने मुलीची चौकशी केली, म्हशीची केली, नेरळच्या रस्त्याची केली, आबाजींच्या वारलेल्या चुलत्याचीही केली. आबाजींना एवढा पाहुणचार त्या घराकडून कधी मिळाला नव्हता आणि ते फुलून आले होते. ती जमिनीवर बसून हसत होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्या चहाच्या वेळी मला सहन होईना. मी आबाजींना म्हटलं की साहेबांच्या गाडीत साखर मोजायचं नवं मशीन आहे, फुकट आहे. ते इतक्या चपळाईने गेले की चप्पल एक इथेच राहिली.

पडवीत आम्ही तिघीच उरलो. चंद्राबाईने हात वर केला. मी एक हात धरला आणि छायाने दुसरा. नऊ दुखणारी बाई तीन दुखणाऱ्या बाईला उचलत होती आणि ती काही उचलली जात नव्हती. छाया रडत होती आणि चंद्राबाई तिला रागवत होती, की हळू, तुजा गुडगा हाय, जोर लावू नको. तिसऱ्या प्रयत्नाला ती उभी राहिली आणि खांबाला टेकली. तेव्हा तिचे डोळे पहिल्यांदा भरलेले दिसले, पण तिने ते पदराने नाक पुसल्यासारखं करून पुसून टाकले.

छायाच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. साहेबांनी जाताना सहाजणींना अशी पाकिटं वाटली होती. तिने एक गोळी काढून तळहातावर ठेवली, उलटीसुलटी केली, आणि गाडीच्या दिशेने एकदा पाहून माझ्याकडे वळली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ही मोडती का मधोमध?"

अर्धी गोळी घेणारी बाई म्हणजे चाचणीची वाट लागली. अर्ध्या गोळीचा हिशेब मांडायला माझ्याकडे कुठलंही सूत्र नव्हतं, आणि नियमाप्रमाणे हे मला त्याच दिवशी साहेबांना कळवायला हवं होतं.

"मध्ये रेघ आहे," मी म्हटलं. "नख लावून दाबलं की मोडते."